मीडियाची पदवी, घरचं कर्ज

बारावीचा निकाल लागला की नवी मुंबईच्या सानपाडा, जुईनगर, नेरूळ या पट्ट्यातल्या घरांत एक प्रश्न दर जूनमध्ये नव्याने उभा राहतो. मुलीला किंवा मुलाला ‘मीडिया’ करायचंय. मग तीन वर्षांनी हातात काय पडेल? इंजिनिअरिंगबद्दल, सीएबद्दल, अगदी बी.एड.बद्दलही घरातल्या मोठ्यांना काहीतरी अंदाज असतो. संवादमाध्यमांच्या पदवीबद्दल तो नसतो. म्हणून मग कुणाचा तरी ओळखीचा मुलगा ‘चॅनेलला आहे’ आणि कुणाची तरी भाची ‘एजन्सीत आहे’, एवढ्या भांडवलावर निर्णय होतो. फी भरली जाते, आणि ती कुठून भरली हे दोनएक वर्षांत विसरलंही जातं. या लेखाचा रोख त्या विसरण्यावर आहे. या पदवीवरचं कर्ज बँकेच्या वहीत फारसं दिसतच नाही, आणि या पदवीची कमाई पगारपत्रकात पूर्ण दिसत नाही. दोन्ही बाजू अर्ध्या झाकलेल्या असताना नुसत्या सरासरीवर बोलण्यात अर्थ नाही.

मुंबई विद्यापीठाची बीएमएम ही माध्यमांची पदवी शतक उलटताना सुरू झाली. २०१९ मध्ये तिचं नाव बदलून बीएएमएमसी झालं. तोंडात मात्र अजून बीएमएमच आहे. तीन वर्षं, शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता अशी विभागणी. अभ्यासक्रम जवळपास सगळीकडे विनाअनुदानित, म्हणजे शिक्षकांच्या पगारापासून स्टुडिओच्या दिव्यांपर्यंत सगळं विद्यार्थ्यांच्या फीमधून. तरीही वाशी-नेरूळ भागातल्या संलग्न महाविद्यालयांची फी ढोबळमानाने वर्षाला चाळीस ते सत्तर हजारांच्या आसपास राहते. त्याच विषयाची पदवी खासगी किंवा अभिमत विद्यापीठात घेतली तर एकूण खर्च दहा लाखांच्या पुढे सहज जातो. नाव एकच, विषय बरेचसे तेच. किमतीत पाच-सात पटींचा फरक. ‘मास कम्युनिकेशन परवडतं का’ हा प्रश्न त्यामुळे मुळात एक प्रश्न नाहीच.

फीवर एक खर्च चढतो तो माहितीपत्रकात छापलेला नसतो. व्हिडिओ एडिटिंग झेपेल असा लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या खाली येत नाही. म्हणजे एका वर्षाची फी. कॅमेरा भाड्याने आणता येतो, मित्राचा मागता येतो. लॅपटॉप स्वतःचाच लागतो, आणि तो बहुतेक वेळा कुठल्यातरी कार्डावर हप्त्याने घेतलेला असतो. या पदवीचं पहिलं कर्ज खरं तर तेच.

आता बँकेच्या कर्जाचं. भारतातल्या शैक्षणिक कर्जाचा साचा इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेने घालून दिला. रिझर्व्ह बँकेने ती २००१ मध्ये बँकांकडे पाठवली. चार लाखांपर्यंत तारण नाही, आईवडील सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीचं पाठबळ आहे. त्यापुढे घर, जमीन, मुदतठेव असं काहीतरी गहाण. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता मागत नाहीत, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याज असतं एवढाच दिलासा. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते.

हे सगळं कागदावर ठीक आहे. पण पन्नास हजारांच्या फीसाठी कोण बँकेत जातं? सानपाड्यातलं मध्यमवर्गीय घर जात नाही. एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज काढलं जातं, पतपेढीतून उचल होते, भिशी लवकर उचलली जाते, पाटल्या गहाण पडतात, किंवा पीएफमधून पैसे काढले जातात. एपीएमसीच्या बाजारात घाम गाळणाऱ्या माथाडी कुटुंबांत पतपेढी ही बँकेच्या आधीची पायरी असते. मूळच्या सानपाडा गावातल्या घरांत, सिडकोने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या खोल्यांचं भाडं असू शकतं. तिथे हा प्रश्न इतका टोचत नाही. सिडकोच्या छोट्या फ्लॅटचा गृहकर्जाचा हप्ता चालू असलेल्या घरात मात्र तो चांगलाच टोचतो.

पीएफचं उदाहरण मुद्दाम ताणून पाहण्यासारखं आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं. वडिलांनी निवृत्तीच्या पंधरा वर्षं आधी फीसाठी दीड लाख काढले, आणि व्याजदर तेवढाच राहिला असं धरलं, तर निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या खात्यात सुमारे चार लाख त्र्याण्णव हजार कमी असतील. या रकमेला कुणी शैक्षणिक कर्ज म्हणत नाही. मुलाला तर ती माहीतही नसते. पण फेडायचीच नसल्यामुळे ती सगळ्यात महाग पडते.

बँकेचं कर्ज घेतलंच तर काय होतं, तेही मांडून पाहू. फी वर्षाला पन्नास हजार, तीन वर्षांचे दीड लाख, व्याज साडेदहा टक्के. हप्ता सुरू होईपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षाच्या अखेरपर्यंत, सत्तेचाळीस हजारांच्या आसपास व्याज साचतं. मग एक लाख सत्याण्णव हजार पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ४,२४० रुपये. आता तेच गणित दहा लाखांचं. व्याज धरून तेरा लाख पंधरा हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता १७,७०० रुपयांच्या पुढे, पंधरा वर्षांत फेडायचे तर साडेचौदा हजार. पहिल्या पगाराच्या शेजारी हे आकडे ठेवले की वाद जवळपास मिटतो.

पण पहिला पगार किती? इथे आपल्याकडे खरी गोची आहे. अमेरिकेत सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर २०१९ पासून अमुक विद्यापीठाची अमुक पदवी घेतलेल्यांचं कर्ज आणि कमाई शेजारीशेजारी पाहता येते. ब्रिटनमध्ये करखात्याच्या नोंदी शिक्षणाच्या नोंदींना जोडून कमाईचा तसा तक्ता निघतो. आपल्याकडे सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. क्रमवारीत आलेल्या संस्थांची माहिती तिथे उघड असते आणि तीत नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार दिलेला असतो. ती माहिती वाचताना मात्र सावध राहावं लागतं. आकडा संस्थेनेच दिलेला असतो. तो कॅम्पसमधून नोकरी लागलेल्यांचाच असतो. न लागलेल्यांचा शून्य त्यात धरलेला नसतो. आणि तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या एकाच ओळीत मावतात, त्यामुळे बँकिंगचा मुलगा आणि मीडियाची मुलगी एकाच मध्यकात मिसळून जातात. नवी मुंबईतल्या पालकाला हवा असलेला आकडा यातून काढता येत नाही.

मग आजूबाजूच्या खुणा पाहायच्या. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या नियमित पगारदाराची सरासरी कमाई महिन्याला वीस-एकवीस हजारांच्या घरात होती. त्यात वीस वर्षं नोकरी झालेलेही आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालात २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतली बेरोजगारी २९.१ टक्के नोंदवली आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली तेव्हा पदवीधराचं विद्यावेतन महिना दहा हजार ठरवलं. राज्य स्वतः नव्या पदवीधराची किंमत काय लावतं, याचा हा निदान एक जाहीर पुरावा आहे. लहान एजन्सीत, डिजिटल पोर्टलवर किंवा स्थानिक वृत्तपत्रात सुरुवात करणाऱ्यासाठी मी पुढच्या हिशेबात अठरा हजार धरतो. काहींना जास्त मिळतील. पहिले सहा महिने इंटर्नशिपच्या नावाखाली प्रवासखर्चावर काढणारेही कमी नाहीत.

अठरा हजारांत ४,२४० म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. अमेरिकेत सरकारने नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना लावलेली कसोटी अशी, की कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या आठ टक्क्यांत किंवा जगण्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांत बसला पाहिजे. आठ टक्क्यांच्या मापाने आपल्या पदवीधराचा हप्ता महिना १,४४० च्या वर जाता कामा नये. म्हणजे मुंबई विद्यापीठाची साधी, तुलनेने स्वस्त पदवीही या परीक्षेत नापास.

आणि तरी सानपाड्यात ती चालून जाते. कारण पदवीधर आईवडिलांच्या घरी राहतो, डबा घरचा नेतो आणि हार्बर लाइनचा पास काढतो. या क्षेत्रात टिकण्याचा सगळ्यात मोठा भत्ता राहत्या घराचा आहे, हे उघड बोललं जात नाही. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या गावातून आलेली मुलगी तीच पदवी घेते, तोच पगार मिळवते, आणि तुर्भ्याला किंवा घणसोलीला तिघींत खोली घेऊन राहते. तिच्या अठरा हजारांतून भाडं आणि मेस वजा जाता हप्त्याला जागाच उरत नाही. पदवीच्या परताव्याची चर्चा करताना दोघांना एका रकान्यात घालणं ही सरळ चूक आहे.

घर जवळ असणं एका बाबतीत मात्र फसवं ठरतं. सानपाड्याच्या आसपास माध्यमं आहेत असं वाटतं, आणि ती आहेतही. महापेच्या टीटीसी पट्ट्यात ‘लोकसत्ता’ छापला जातो, ऐरोलीत टाइम्सचा भव्य छापखाना आहे, बेलापूरला ‘सकाळ’चं कार्यालय आहे. पण जाहिरातीच्या मोठ्या एजन्स्या, मनोरंजन वाहिन्या आणि निर्मितीसंस्था लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव, मालाड इकडे विखुरल्या आहेत. वडाळ्याला किंवा कुर्ल्याला गाडी बदलत रोजचे तीन तास जातात. शूट रात्री दोनला संपतं आणि लोकल तोवर बंद झालेली असते. मग रिक्षा-टॅक्सीचा खर्च स्वतःचा, की निर्मात्याचा, यावर पहिल्या महिन्यात वाद आणि दुसऱ्या महिन्यापासून मौन.

‘मीडियातली कमाई’ असं एकवचनी काही नसतं. वृत्तपत्रातल्या नोकरीला कायद्याचं कुंपण होतं. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा, त्याखालची वेतन मंडळं आणि शेवटचं मजिठिया मंडळ, ज्याच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या. पुढे १९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने कंत्राटी पत्रकारांनाही हे वेतन लागू असल्याचं सांगितलं. पण निकालाची प्रत घेऊन एचआरकडे जाणारा तेवीस वर्षांचा उपसंपादक मला तरी कल्पनेत दिसत नाही. तालुक्याचा आणि उपनगराचा बातमीदार तर बहुधा स्ट्रिंगर. बातमीमागे पैसे आणि जमल्यास जाहिरातीवर कमिशन. पत्रकारितेची ओढ खरी असेल तर हे सगळं पत्करून लोक जातात, चांगलं कामही करतात. फक्त ते कर्ज काढून करू नये इतकंच.

जाहिरात आणि कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत सुरुवात फार वेगळी नसते, पण शिडी असते. क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, मीडिया प्लॅनिंगमध्ये तीन-चार वर्षं टिकलेल्याचा पगार दुप्पट होणं नवलाचं नाही, कारण तिथे नोकऱ्या बदलता येतात. फिक्की-ईवायच्या मार्च २०२५ च्या अहवालानुसार देशाचं माध्यम आणि मनोरंजन क्षेत्र २०२४ मध्ये अडीच लाख कोटी रुपयांचं होतं आणि त्या वर्षी डिजिटल माध्यमांनी दूरचित्रवाणीला मागे टाकून पहिलं स्थान घेतलं. पैसा ज्या दिशेने सरकतोय त्या दिशेच्या कामांत पगार वाढतात, हे साधं निरीक्षण. महाविद्यालयातला पेपर मात्र अजून वर्तमानपत्राच्या पानाची मांडणी विचारतो. आणि डिजिटलमध्येही भाषांतर, मथळे, छोटे मजकूर, रीलचं कच्चं संकलन, म्हणजे जी कामं देऊन नवख्याला घडवायचे, तीच आता एआयच्या साधनांकडे आधी जाताहेत. पायऱ्यांतली पहिलीच निखळली तर वरच्या पगारांचे आकडे सांगून काय उपयोग?

तिसरी वाट निर्मितीची: मालिका, जाहिरातपट, वेब सिरीज, लग्नाचे व्हिडिओ. इथे कमाई दिवसाच्या दराने मोजतात आणि चांगल्या महिन्यात ती एजन्सीतल्या मित्राच्या तिप्पट होते. पण टीव्ही उद्योगात पैसे नव्वद दिवसांनी मिळण्याची रीत इतकी रुळलेली आहे की कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटना वर्षानुवर्षं तिच्याविरुद्ध बोलत आल्या आहेत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप जातो. खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स, त्यावर दंड, आणि सिबिलच्या नोंदीवर डाग, जो सहकर्जदार म्हणून वडिलांच्याही नावावर उमटतो. वर्षाची कमाई पुरेशी असूनही कर्जदार थकबाकीदार ठरतो, असा हा विचित्र प्रकार. कर्ज आणि कमाई यांची तुलना करणारे अभ्यास वार्षिक आकडे घेतात. हा खड्डा त्यांना दिसत नाही. जून २०२२ अखेर देशातल्या शैक्षणिक कर्जांपैकी आठ टक्क्यांच्या आसपास रक्कम बुडीत खात्यात होती. त्यातले सगळे काही बुडवे नव्हेत.

सरकारी मदतीच्या बाजूने पाहिलं तर ही पदवी दोन खुर्च्यांच्या मधे पडली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, तीन टक्के व्याजसवलतही आहे, पण ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. आणि मुळात संस्था एनआयआरएफच्या निकषांवर निवडलेल्या यादीत हवी; सुरुवातीला ती ८६० संस्थांची होती. शेजारचं संलग्न महाविद्यालय त्या यादीत सहसा नसतं. पुण्यातली मोठ्या फीची काही अभिमत विद्यापीठं असतात. म्हणजे जिथे कर्ज कमी लागतं तिथे ते अवघड, आणि जिथे ते घेणं धोक्याचं तिथे सोपं. राज्याने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. मीडियाची पदवी नावाने व्यावसायिक वाटते, पण सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेशाच्या चौकटीत ती नाही. २०२४-२५ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली गेले आणि त्यांना सीईटी लागली. (त्यावर अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून ती कटकट टाळली, हा वेगळा विनोद.) बीएएमएमसी बाहेरच राहिली. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागास प्रवर्गांसाठी महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा आधार आहे, आणि पात्र असूनही अर्ज न करणारी घरं अजून सापडतात. आयकरातली शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते खरी, पण फक्त जुन्या करप्रणालीत. अठरा हजार पगाराच्या मुलाला तिचा काडीचा उपयोग नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक फाटा फोडला. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं; तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. चौथ्या वर्षाची किंमत फक्त फी नाही. अठरा हजारांच्या हिशेबाने त्या वर्षात न मिळालेला पगार दोन लाख सोळा हजार होतो, म्हणजे मूळ तीन वर्षांच्या फीपेक्षा जास्त. संशोधनाकडे किंवा परदेशी जायचं असेल तर ठीक. एजन्सीत कॉपीरायटर व्हायचं असेल तर ते वर्ष एजन्सीतच काढलेलं बरं.

पैशाच्या या गणितात मुलींचा हिशेब वेगळा होतो. या वर्गांत मुलींची संख्या भरपूर असते. मुलीच्या नावावर बँकेचं कर्ज नको, असा आग्रह धरणारे वडील तिच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशातून फी भरायला तयार असतात. कारण हप्ते चालू असलेली मुलगी स्थळ बघताना अडचणीची, असं मानलं जातं. वरकरणी हा तिच्या फायद्याचा सौदा दिसतो. पण त्या पैशाबरोबर एक मुदतही येते. मुलाला ‘सेटल’ व्हायला पाच-सहा वर्षं मिळतात, तिला दोन. आणि वर पाहिलं तसं या क्षेत्रात पगार वाढतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून.

दहा लाखांच्या पदवीचं समर्थन करणारे नेटवर्कचं नाव घेतात: वर्गमित्र, माजी विद्यार्थी, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या. त्यात तथ्य आहे, पण जेवढं सांगितलं जातं तेवढं नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठापेक्षा मोठं नाव आणि मोठं नेटवर्क काय असणार? तिथल्या चित्रपटविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दल ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जुलै २०२१ मध्ये छापलं, की कर्ज घेतलेल्या पदवीधरांचं मध्यक कर्ज १ लाख ८१ हजार डॉलर होतं आणि दोन वर्षांनी त्यांतले निम्मे वर्षाला तीस हजार डॉलरपेक्षाही कमी कमावत होते. संवादक्षेत्रात नाव दार उघडून देतं. आतला पगार बाजार ठरवतो, आणि बाजाराला पोर्टफोलिओ दाखवावा लागतो. तो नेरूळच्या महाविद्यालयात राहूनही तयार होतो, जरा जास्त धडपड करून.

खासगी अकादम्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल दोनच वाक्यं. ते कर्जच असतं, कुठल्यातरी बिगर-बँक वित्तसंस्थेचं, पालकांच्या नावावर. मुलाने दुसऱ्या महिन्यात अकादमी सोडली तरी हप्ता सुटत नाही.

कर्ज काढायचंच असेल तर ते पदवीसाठी नव्हे, पदव्युत्तरसाठी, आणि तेही मधे दोन वर्षं काम करून, या मताला मी आलो आहे. अठराव्या वर्षी कुणालाच ठाऊक नसतं की आपण बातमीदार होणार, मीडिया प्लॅनर होणार की कॅमेऱ्यामागे उभे राहणार. आणि वर पाहिल्याप्रमाणे या तिन्ही कामांची हप्ता पेलण्याची ताकद वेगवेगळी आहे. तेविसाव्या वर्षी ते बऱ्यापैकी कळलेलं असतं. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा आयआयएमसीचं अमरावती केंद्र यांसारखे कमी खर्चाचे सरकारी पर्याय तेव्हा डोळसपणे निवडता येतात, आणि त्यांना डावलून महागडी एमबीए करावीशी वाटली, तर बँकेच्या आणि आईवडिलांच्या समोर ठेवायला दोन वर्षांची पगारपत्रकं असतात.